पुडी

दिवसाला दीडशे पुड्या बांधायचा शालिकमामा,
किटाळी फाट्यावर, चिंचेखालच्या ठेल्यात.
सुपारी, तंबाखू, नखावर मावेल इतका चुना,
पन्नीत भरून पाटीवर घोटायचा,
घोटता घोटता विचारायचा येणाऱ्या-जाणाऱ्याला
बोडीत पाणी किती, मंडईत नाटक कोणतं,
आणि रबर गुंडाळून म्हणायचा, घे.
दीडशेतली एक, कधी दोन, स्वतःच्या गालात.

आता त्याचं तोंड दोन बोटं उघडतं.
डाव्या गालातल्याचं नाव घरात कोणी घेत नाही.
मामी म्हणते, "ते".

मी नागपूरला काम करते तिथल्या कपाटात
उणे ऐंशीची थंडी असते.
नळ्यांमध्ये लोकांचं रक्त, वर नाव नाही, आकडे.
ते मी दिवसभर गरगर फिरवते.
आधी पेशी खाली बसतात, मग त्यांचा चुरा,
आणि शेवटी, सगळ्यात जोरात फिरवल्यावर,
तळाशी न दिसण्याइतकं काहीतरी.
तिथे असतात त्या.
केसाच्या जाडीत हजारभर ओळीने मावतील,
चरबीच्या दुहेरी पन्नीत बांधलेल्या.

पेशी पुडी सोडते.
आमच्याकडे हे माणसांबद्दल म्हणतात, पण खोटं नाही:
थोडं प्रथिन, एक हुकमाची चिठ्ठी,
आणि बाहेरच्या बाजूला पत्ता,
ही यकृताची, ही हाडाची, ही फुफ्फुसाची.
चांगल्या पेशीही सोडतात. रोज, सगळ्या.
कुठे जखम आहे, कुणाला काय हवं, घरातला केर.
रक्तात एवढ्या गप्पा चालू असतात
आणि त्यात एक जण थापा मारत असतो.

दिवाळीनंतर गेले तेव्हा मामाने विचारलं,
"फोटोत काही दिसलं का पोरी, छातीत?"

नाही दिसलं. कागदावर तसंच लिहिलंय.
तेवढं सांगून उठायला हवं होतं मी.
उठले नाही. विचारलं,
मामा, जानोसा कसा लावतात?

तीस वर्षं गावातल्या लग्नांचा जानोसा त्याच्याकडे.
तो हसला, जेवढं हसता येतं तेवढं.
"आधी तिकडचा एक मानूस येते.
शाळेची खोली उघडाची. बाकडे बाहेर.
सतरंज्या. पान्याचा डरम.
चपराश्याले एक खर्रा द्याचा,
मंग तो काही इचारत नाही."

तसंच, म्हटलं.
गाठ अजून गालातच आहे,
पण तिचा माणूस पुढे जातो.
एखादी खोली उघडतो, भिंती जरा सैल करतो,
पहारेकऱ्याच्या हातावर पुडी ठेवतो.
तेव्हा वरात निघालेलीही नसते.
फोटोत वरात दिसते, मामा.
सतरंज्या दिसत नाहीत.

बराच वेळ तो बोलला नाही.
मामी आत तांदूळ पाखडत होती, ते थांबलं, पुन्हा सुरू झालं.
त्याचा अंगठा रिकाम्या तळहातावर
घोटल्यासारखा फिरत होता.

मग त्या दोन बोटांच्या फटीतून:
"साकोलीची वरात याची होती, रूपचंदच्या पोरीची.
सतरंज्या टाकल्या, डरम भरला, रातभर बत्ती जाळली.
आलीच नाही ना बाप्पा.
सकारी मीच गुंडाळल्या सतरंज्या.
बुंदी लेकरायनं खाल्ली."

उघडलेल्या सगळ्याच खोल्यांत वरात येत नाही,
हे आम्हालाही माहीत आहे.
कुठल्या खोलीत येईल, ते अजून नाही.

सोमवारी कपाट उघडलं.
त्या आकड्यांत एक त्याचा असेल, नसेल.
नळ्या समोरासमोर लावल्या, झाकण बंद केलं,
आणि यंत्र थांबेपर्यंत तिथेच उभी राहिले,
शाळेच्या दारात
किल्ली घेऊन कोणी उभं असावं तशी.