सातव्यांदा एम-थ्री

कॉलेजच्या गेटासमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे.
पानाला एक रुपया, पाठपोट दीड.
परीक्षेच्या हंगामात रात्री एकपर्यंत उघडं.
दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका
स्पायरल करून ऐंशीला देतो.
पोरं विचारतात, "मुंजाभाऊ, यातलं इम्पॉर्टंट काय हो?"
मी बोट ठेवतो. बहुतेक येतंच ते पेपरात.
त्यांच्या.

माझा एकच विषय राहिलाय, गणित तीन.
सदतीस. एकतीस. एकोणचाळीस.
एकोणचाळीस पडले त्या दिवशी
नासेरचा चाकणहून फोन आला, खूप हसला,
मग कुणालाच फोन ठेवता येईना.
नंतर तेवीस. नंतर एकदा गेलोच नाही,
सेंटरबाहेरच्या रसवंतीवर
तीन तास घुंगरं ऐकत बसलो.
सहाव्यांदाचं अजून कुणाला सांगितलेलं नाही.

घरी पाहुणे आले की बाबा म्हणतात, "इंजिनिअर हाय."
तीस वर्षं एसटी चालवली त्यांनी,
थांबा नसला की न थांबता पुढं जायची सवय.
पण पाहुणा चहा बशीत ओतता ओतता विचारतोच,
"किती वर्षं झाली पास होऊन?"
आत आईच्या हातून चमचा पडतो.

जगात जर्मनी, भारतात परभणी,
आणि परभणीत मी, बेचाळीस डिग्रीत,
एका डिग्रीवाचून.

यंदा परिपत्रक आलं.
जुन्या अभ्यासक्रमाला ही शेवटची संधी.
नोटीस बोर्डासाठी त्याच्या वीस प्रती
मीच काढून दिल्या, गरम गरम.

मग सेकंड इयरची प्रांजली दुधाटे
रोज संध्याकाळी दुकानात बसू लागली.
मला शिकवायची, बदल्यात प्रिंट फुकट.
"भाऊ, कामून पाठ करू लालात?
लाप्लास म्हणजे काय, आत वेळ टाकायची,
शून्यापासून पार अनंतापर्यंतची,
बाहेर येतं त्यात वेळ नसतीच."
मी म्हणलं, हे तर मला जमतंय की.
नऊ वर्षं मी दुसरं काय केलं?
ती हसली नाही. म्हणाली, "पुढचं गणित."

पेपरला वर्गात मी सगळ्यात म्हातारा.
सुपरवायझरनं हॉलतिकिटावरचा फोटो पाहिला,
मला पाहिलं, पुन्हा फोटो.
पंखा फिरत होता, वारा दुसऱ्याच कुणाला होता.

प्रश्न चार, ब. डेरिव्हेटिव्हचं सूत्र सिद्ध करा.
हे पान मी निदान दोन हजार वेळा छापलंय.
डोळे मिटले की दिसतं. कोपऱ्यातला चहाचा डाग,
नासेरचं किरटं अक्षर,
आणि माझ्या मशीनच्या ड्रमला पडलेल्या ओरखड्याची
वरून खालपर्यंत काळी रेघ.
ती रेघ जाते नेमकी चिन्हावरून.
एस गुणिले एफ, पुढं सुरुवातीची किंमत.
पण अधिक की वजा?
दोन हजार पोरांना मी हे असंच विकलंय.

आठवण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून
आयुष्यात पहिल्यांदा मांडून पाहिलं.
खंडशः संकलन, एकेक ओळ,
घाम कोपरातून उत्तरपत्रिकेवर.
वरच्या टोकाला, अनंतापाशी, सगळं विझतं.
खालच्या टोकाला शून्य असतं,
तिथं जे काही होतं सुरुवातीला, तेवढंच उरतं,
आणि खालचं टोक येतं ते वजा होऊनच.

वजा.
सुरुवातीची किंमत वजा.
पेन थोडा वेळ तिथंच ठेवून बसलो.
मग बेल झाली, पुरवणीला दोरा बांधायचा राहिला होता,
धावपळ झाली.

दुकान उघडलं तेव्हा पाच वाजले होते.
शटर तापलेलं, रुमालानं धरून वर केलं.
बाबांचा फोन. "कसा गेला?"
"गेला," म्हणलं.
निकाल लागायचा तेव्हा लागेल.
ड्रम बदलायला नऊ हजार लागतात, रेघ पडायचीच.
तेवढ्यात एक पोरगं आलं, "एम-थ्रीच्या नोट्स आहेत का?"
गठ्ठ्यातून ते पान काढलं,
रेघेच्या शेजारी, काळ्या पेनानं,
जरा ठळकच
वजा काढला,
आणि काचेवर पालथं ठेवलं.