उजवीकडे ओढणारी नाव

इस्तारी पचाऱ्याची नाव
दुकानासमोर बंडीवरून उतरली
तेव्हा तिच्यात अजून तणीस होती.
वीस वर्षं गव्हाण होती ती.
त्याआधी पाटबंधाऱ्याच्या कुण्या साहेबाची;
साहेबाची बदली झाली,
शीड कोठीत गेलं, नाव गोठ्यात.

"मिस्त्री, हिले चालती कर."
म्हटलं, मी पंपाचा माणूस,
मोटारी भरतो, बुश बदलतो,
शिडाची नाव चित्रात पाहिलेली.
"मी बी जनमभर डोंगाच वल्हवला गा.
पाहू दोघं मिळून."

तर पाहिलं.
बुडाच्या फळ्यांत नखभर फटी,
गाईंनी चाटून चाटून काठ गुळगुळीत,
एका जागी वाटीसारखा खोल.
अंबाडीचा दोर उसवून तंतू केले,
राळ आणि टोरीचं तेल कढवलं,
फटींत ठासलं. वरून बिबा.
बिबा मला उतला, कोपरापर्यंत फोड,
चार दिवस घास डाव्या हातानं.

सुकाणूच्या बिजागऱ्या गंजून पापड झालेल्या.
तिथं सायकलच्या कॉटर पिना बसवल्या
कानशीनं घासून, ग्रीस भरून.
कप्पी पडीक विहिरीवरून आणली.
फार मोठी. डोलकाठीला
थोरल्या भावाची टोपी घातल्यासारखी.
पण फिरायची.

शीड उंदरांनी वाचून काढलेलं.
साकोलीच्या बाजारात छत्र्या दुरुस्त करणाऱ्या
रज्जाकभाईंनी काळ्या कापडाची सात ठिगळं लावली,
दुहेरी टीप.
एका ठिगळावर कंपनीचं हरीण तसंच राहिलं,
वारा भरला की पोट सुटायचं त्याला.

कोहळ्यांनी बांधलेला तलाव, पाळीवर आंब्याची झाडं,
खाली आम्ही दोघं आणि बघायला आलेली पोरं.
नाव निघाली.
उजवीकडे वळली. वळतच राहिली,
शिंगाड्याच्या वेलांत जाऊन बसली.
पोरं हसली. मीही.

डोलकाठीच्या बुडाशी साजाची पाचर ठोकली,
काठी एक बोट मागं कलवली.
उजवीकडे.
पाचर उपसली, दोन बोटं पुढं.
उजवीकडे.
दोर ताणला, ढिला केला,
पोटातली पाती बाहेर काढून पुन्हा तासली,
ओळंबा सोडला. ओळंबा म्हणाला, सरळ आहे.
पाच संध्याकाळी अशा गेल्या,
दुकानात मोटारींची रांग, लोकांच्या शिव्या.

सहाव्या दिवशी मी नावेत गेलोच नाही.
पाळीवर बसलो, बिडी पेटवली,
आणि तेव्हा दिसलं.
इस्तारी डाव्या फळीवर, पार काठाशी,
मधात एवढी जागा असताना.
"मधात बस ना गा!"
सरकला. नाव ओळंब्यासारखी निघाली,
मी उठून उभा राहिलो.
बिडी संपायच्या आत
तो पुन्हा काठाशी.

उतरल्यावर सांगितलं. तो आपल्याच बसायच्या जागेकडे
दुसऱ्याची असल्यासारखा पाहत होता.
"डोंग्यात सायत्रा राहे त्या बाजूनं.
एकतीस साल.
थे जाळं ओढे, तं मी असा..."
खांदा डावीकडे टाकून दाखवला
आणि तसाच ठेवला.

मी यंत्रातला माणूस. म्हटलं, सोपं आहे,
उजवीकडे रेतीचं पोतं ठेवू.
भरून आणलं. त्यानं दोन्ही हातांनी उचलून पाहिलं.
"येवढी जड नव्हती थे."
अर्धी रेती सांडली. पुन्हा उचललं.
आणखी थोडी.
मग सगळीच.
रिकामं पोतं झटकलं, घडी केली
आणि बुडाखाली घेऊन बसला, काठाशी.
"राहू दे मिस्त्री. हात जरा दाबून धरीन."

आता तशीच चालते,
सुकाणूचा दांडा अर्धं बोट उजवीकडे दाबून.
माझ्या वहीत: राळ, तेल, पिना चार,
शिलाई रज्जाकभाईंना परस्पर.
पाचर एक. तिचे पैसे लावले नाहीत,
ती अजून ढिली आहे.
मजुरीत एक मरळ आली, दीड किलोची,
आणि पोतं परत करायचं
तो विसरला.