गंगाळसागर

चर्चच्या अभ्यासवर्गातून पेन ड्राइव्हवर आणलेलं सॉफ्टवेअर
मी अण्णांच्या टीव्हीला जोडलं, कारण आता
छापलेली ओळ त्यांना मुंग्यांची रांग दिसते.
डावीकडं वचन, उजवीकडं नकाशा,
खाली हिब्रू शब्द उच्चारणारा एक तरणा आवाज,
ज्यानं जन्मात कुणा पाव्हण्याला 'या, बसा' म्हटलं नसावं.

दोन दिवस अण्णा नुसते उंट बघत होते.
तिसऱ्या दिवशी म्हणाले, शलमोनाचं मंदिर लाव.
अंगण उघडलं.
बारा बैल, तीन-तीन चारी दिशांना तोंड करून,
आणि त्यांच्या पाठीवर पितळेचा गंगाळसागर:
दहा हात रुंद, पाच हात उंच,
काठ कमळासारखा उमललेला, जाडी चार बोटं.

"फिरव."
फिरवला.
"आत ने."
नेलं.
"खालनं दाव की."
खालून काहीच नव्हतं. चित्र करणाऱ्यानं
बुडाला राखाडी रंग देऊन हात झटकले होते.

उद्यमनगरात चौतीस वर्षं लाकडी पॅटर्न केलेला माणूस
खुर्चीच्या कडेवर आला.
"रनर कुठाय ह्याचा? रायझर?
एवढं थोराड भांडं, एका दमात ओतायचं
तर लाडल किती लागतील?
मधेच गार झालं तर सांधा पडंल. इचार त्याला."

माउसला मी काय विचारणार.

तेवढ्यात सिकंदरचाचा भडंगाचा पुडा घेऊन आले,
अण्णांच्याच फौंड्रीतले मोल्डर, भुवया अजून जळक्या.
टीव्हीकडं बघून म्हणाले, "सुलेमान ना हा?
आमच्यात सांगतात, जिन होते त्याच्याकडं कामाला.
तांबं पाण्यागत वाहायचं."
अण्णांनी मान न वळवता विचारलं,
"जिन म्हंजे कोण रं लगा? आपणच की."

मग पेपरवर भडंग पसरून ओतकाम सुरू झालं.
शेंगदाणे रायझर झाले, लसणाची पाकळी झाली भट्टी.
मी शोधखिडकीत 'माती' टाकलं.
एक वचन पिवळं झालं: यार्देनेच्या खोऱ्यात,
चिकण मातीत ओतवली होती ही सगळी भांडी.
नकाशा आपोआप तिकडं सरकला, घारीसारखा खाली उतरला.
नदीचं वळण. भुरका काठ.
"थांब. हे तर वडणग्याच्या अंगाला पंचगंगा वळती तसंच."
चाचांनी रिकामी मूठ दाबून उघडली,
"ओल बरोबर असंल."

पुढची ओळ त्या आवाजानं वाचली,
कुठं थांबायचं ते न कळता:
भांडी फार होती, म्हणून राजानं ती तोललीच नाहीत,
पितळ किती लागलं याचा हिशेब झाला नाही.

"परत लाव."
लावलं.
"परत."

त्यांच्या फौंड्रीत दर शनिवारी
रिजेक्ट मालाचा काटा व्हायचा, किलोवर पगार कापला जायचा.
एका ब्लोहोलपायी माझ्या सहावीच्या वह्या
दिवाळीनंतर आल्या होत्या.
दोघांपैकी कुणी ते काढलं नाही.
चाचा म्हणाले, "तोललंच नाही?"
अण्णा म्हणाले, "लिहिलंय तसं."

पण उजव्या कोपऱ्यात चौकट होती:
अंदाजे वजन, तीस टन.
"ते झाक," अण्णा म्हणाले.
अक्षर मोठं करायची सोय होती, आवाज बदलायची होती,
झाकायची नव्हती. चाचा उठले,
भडंगाचा तेलकट कागद टीव्हीच्या कडेत खोचला.
डागातून तीनचा आकडा तेवढा दिसत राहिला.

रात्री अण्णांनी पेटीतली पॅटर्नची पट्टी मागितली,
धातू गार होताना आकसतो
तेवढं आधीच धरून आखलेली.
कोपर टेकवून मधल्या बोटापर्यंत
स्वतःचा हात मोजला. मला आकडा वाचायला लावला.
सतरा.
"अठराचा होता," ते म्हणाले. "गार होतोय."