दुरुस्ती

पहाटे चार-दहाची बस.
आम्ही सगळ्या त्याच बसला,
हातात रबरी मोजे, पिशवीत घरातल्या चपला,
लिस्बन जागं व्हायच्या आत
त्याच्या काचा पुसून ठेवणाऱ्या.

माझा एव्हांद्रो तेव्हा झोपायला येतो.
मी उतरते, तो चढतो, चढणीवर गाठ पडते.
"भात झाकून ठेवलाय." एवढंच बोलणं.
रात्रभर बेनिल्दच्या गॅरेजात
फुटक्या स्पीकरपुढे बडबडत असतो.
बडबड मी म्हणायचे.
शेजारीण म्हणायची, रॅप.

ठेका ओळखीचा होता, कबूल करते.
सांतियागो बेटावर माझी आई
मांड्यांत कापडाचा गठ्ठा दाबून
असाच बडवायची बायकांच्या घोळक्यात,
आणि ज्या मुकादमाचं नाव घ्यायची सोय नव्हती
ते नाव दोन थापांच्या मधून सरकवायची.
पण ती आई होती. हा पोरगा.

एका शनिवारी खुर्ची घेऊन गेले मैदानात.
बोलत होता क्रिओलमध्ये,
जी तोंडातून निसटली की शाळेतली बाई
बाकावर उभं करायची त्याला.
आणि ऐकते तर काय,
माझीच बस. चार-दहा.
दोना ग्रासिएतचं "कोपरे, बाई, कोपरे!"
भाताचं झाकणसुद्धा.
मग दारावरचा लाल आकडा, नगरपालिकेनं रंगवलेला:
एकोणीस वर्षं या घराला पत्ता नाही
म्हणून पत्र आलं नाही,
पाडायचं ठरलं तेव्हा नंबर मिळाला.
एकशे सदतीस!
पोरं ओरडली. एकशे सदतीस!
माझं दार इतक्या तोंडांत.
मला खुर्चीत नीट बसवेना.

मग ती ओळ आली:
आकडा बघून आई रडली.

घरी आल्यावर म्हटलं, मी रडले नव्हते.
म्हणाला, आई, यमक जुळतं.
जुळू दे. मी रडले नव्हते.
बादली भरली आणि दार धुतलं.
रंग गेला नाही, पुन्हा धुतलं.
तू झोपला होतास.

तो काही बोलला नाही.
भात तसाच ताटात,
बोटांनी टेबलावर काहीतरी मोजत बसला.

पुढच्या खेपेला उभीच राहिले, मागे,
क्रिसोलिताच्या शेजारी, कामाच्याच कपड्यांत.
बस आली. कोपरे आले. आकडा आला.
आकडा बघून आई—
आणि ठेका थांबला.
शब्द नाही. यमक नाही.
नुसतं खर्र.
खर्र.
लाकडावर ओला ब्रश.
इतकी पोरं, एकही शिट्टी नाही.
खर्र.

बसमधल्या बायकांनी माना वळवल्या,
त्यांना सांगावं लागलं नाही.

क्रिसोलिता कानाशी लागली:
"हा ब्रश तुझा ना गं?"

माझाच.
आठवडाभर शोधतेय मेल्याला.