पुठ्ठ्याची मोजणी

सहमच्या बाहेर, डांबर जिथे वाळूत बुडतं,
चार शेड आहेत. चौथी माझी.
रात्री दिवे मंद झाले
आणि कोंबड्या दांड्यांवर एकमेकींना खेटल्या
की फटींतून ती निघते.

आमच्यात तिला नाव नाही.
पिसू म्हणावं तर उडत नाही,
गोचीड म्हणावं तर चिकटून राहत नाही.
खसखशीचा एक दाणा.
येताना राखाडी, जाताना लाल.

मागल्या साली फवारा होता.
पहिल्या खेपेला मेल्या, दुसऱ्या खेपेला निम्म्या,
तिसऱ्या खेपेला मोफिज्जल भडाभडा ओकला
आणि त्या चालतच राहिल्या.
मग मस्कतला अंड्यात काही सापडलं.
गाडी माघारी आली, तीनशे साठ ट्रे.
खड्डा मीच खणला.

कुरूप डॉक्टरीणबाई आल्या, औषध न घेता.
पर्समधून पांढरं फडकं काढलं,
दांडीच्या खालून फिरवलं, माझ्यासमोर धरलं.
मेंदीचा हात पुसावा तशा रेघोट्या.
"चोगले, आता हे मोजायचं."

नागमोडी पुठ्ठा हवा होता.
माझ्या खाटेखाली एक खोकं होतं,
वर मार्करनं लिहिलेलं: दाऊद चोगले, मु. पो. वेसवी.
दोन वर्षं रजेसाठी जपलेलं.
अरबाबनं रजा पुढे ढकलली होती,
म्हणून कापलं. बोटभर पट्ट्या,
एकीवर 'वेस', एकीवर नुसता 'वी'.
दांडीखाली खोचल्या. तिला वाटतं ही फट,
आत शिरते, अंडी घालते.
शुक्रवारी जुम्यानंतर पट्ट्या पिशवीत
आणि पिशवी फ्रीझरात, सुरमईशेजारी.
यावरून आचारी माझ्याशी आठवडाभर बोलला नाही.
पहिली मोजणी: दोन हजारांवर थांबलो,
डोळे पाणावले, दुसरं काही नाही.

बाकीचं काम साधंच.
घरी माँ दुधाच्या कपाटाचे पाय
पाण्याच्या वाट्यांत ठेवायची, मुंग्यांसाठी.
मी टुनाचे रिकामे डबे घेतले, इंजिनचं जळकं तेल,
आणि एकूणएक दांडीचा पाय त्यात उभा केला.
कोपऱ्यात परातभर पांढरी माती,
डॉक्टरीणबाई म्हणतात, समुद्रातल्या शेवाळाचे सांगाडे,
तिच्या अंगाला काचेसारखे कापतात.
कोंबड्यांना त्याचं काय,
त्या पंख फुलवून लोळतात,
पोरं बंदरावरच्या वाळूत लोळतात तशा.
मी मात्र नाकाला गमछा बांधतो.

जुलैत कळप गेला, शेड रिकामी झाली.
बाई म्हणाल्या, पंखे बंद, पाण्याचे पॅड बंद,
पडदे खाली, पिल्लांच्या गॅसशेगड्या पेटव.
नऊ वर्षं मी या उन्हाला शिव्या घातल्या.
टोपीत, बुटांत, पाण्याच्या टाकीत
नको तिथं ते आलं.
त्या तीन दिवसांत मी त्याला आत घेतलं
आणि बाहेरून कडी घातली.
काटा साठच्या वर गेला.
पत्रा रात्रभर कडकड वाजत होता,
मोफिज्जल म्हणाला, भूत.
मी म्हटलं, घाम येत असेल त्यांना.

नवीन कळप आला. तुरे लाल आहेत,
मागल्यांचे कसे होते ते आता आठवून कळतं,
भिजल्या कागदासारखे.
मी अजून झोपेत दंड खाजवतो.
दिवा लावून बघतो, चादरीवर काही नसतं.

रुकय्या पूर्वी शुक्रवारी विचारायची, रजा कधी?
आता फोन उचलते तीच म्हणते, किती?
काल सांगितलं, सात.
पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज.
"मागच्या शुक्रवारी चार होत्या ना?"