सोडचिठ्ठी

पीस मी स्वतः तासतो.
शाई आदल्या रात्री गाळून ठेवतो.
कागद, शाई, टाक आधी नवऱ्याच्या मालकीचे व्हावे लागतात,
म्हणून माझीच दौत मी आन्शेलच्या हातात देतो.
त्यानं ती उचलून धरायची, परत करायची, म्हणायचं:
लिही, माझ्यासाठी, माझ्या बायकोसाठी.

सरकारी कागद तिला कधीच मिळालाय.
टपालानं आला होता, गॅसच्या बिलाबरोबर,
त्याला अकरा वर्षं झाली.
त्या कागदानं तिला घर दिलं, मुली दिल्या,
बँकेत स्वतःचं खातं दिलं.
आमच्या गल्लीत मात्र ती अजून त्याचीच.

या वसंतात कोर्टानं त्याला बोलावलं.
बायकोला असं अडकवून ठेवणं
हासुद्धा छळच, न्यायाधीशबाई म्हणाल्या.
आज तो आला. कोट न काढता बसला.

रब्बी विचारतात, खुशीनं देतोस? कुणाचा धाक नाही ना?
धाकानं दिलेली चिठ्ठी आमच्यात चिठ्ठीच नव्हे.
दाराबाहेर त्याचा वकील मोबाइल बघतोय.
आन्शेल छताकडे बघतो.
माझ्या टाकाच्या टोकाला थेंब जमतो,
मी तो पडू देत नाही.
'खुशीनं.'
तीस वर्षं हे काम करतोय, मला कान आहेत.
पण लिहिणाऱ्यानं विचारायचं नसतं.

गाव लिहायचं ते नद्यांसकट:
मँचेस्टर, इरवेल आणि इर्क आणि मेडलॉक नद्यांवरचं.
मेडलॉक कितीतरी ठिकाणी रस्त्यांखालून जाते,
तरी तिला वगळता येत नाही.

मग नावं. सगळी.
ब्राइना, शिम्शोनची मुलगी.
दवाखान्यात तिला ब्रेंडा म्हणतात, तेही.
अजून एखादं?
'फेगेले,' आन्शेल म्हणतो. हळूच.
म्हणजे पाखरू.
ती पहिल्यांदाच मान वर करते.
रब्बी विचारतात, तुझ्याशिवाय कोण म्हणतं असं?
कुणी नाही.
मग लिहायचं नाही.

बारा ओळी. फुंकर मारायची नाही,
आपली आपण वाळू द्यायची.
तिच्या ओंजळीत कागद वरून सोडला जातो,
ती तो काखेत धरते,
दारापर्यंत चालते, परत येते.
रब्बी त्याला चाकूनं छेद देतात. झालं.
'पार्किंगची वेळ संपत आलीय,' ती म्हणते,
आणि जिना उतरते, जरा जास्तच जोरात.

दौतीत थोडी शाई उरलीय.
नियमानं ती त्याची.
तो न्यायला विसरला.