संच मान्यता

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मी वेळापत्रक करते.
शिसपेन्सिलीनं, कारण खोडावं लागतं,
आणि मागल्या वर्षीच्या कॅलेंडरच्या पाठीवर,
कारण एवढा मोठा कोरा कागद आमच्या शाळेत मिळत नाही.
उभे वार. आडवी माणसं.

आमच्याकडे विभाग म्हणजे कपाटं.
विज्ञान जिन्याखाली:
शेलटकर सरांनी स्वतः घासलेल्या परीक्षानळ्या
आणि बरणीतला एक बेडूक,
नोकरीत माझ्याहून चार वर्षांनी सीनिअर.
भाषेच्या कपाटाला कुलपं दोन,
एकाची किल्ली माझ्याकडे, एकाची मोमीन बाईंकडे,
आत फळी एकच,
मराठी-हिंदीचे निबंध एकमेकांच्या अंगावर झोपलेले.
गणिताला कपाट नाही.
'गणिताला लागतं काय?' असं म्हणत मस्कर सर
माझ्या डब्यातला खडू उचलतात.

भूगोल कोपऱ्यात उभा असतो,
गुंडाळलेला,
सुकायला ठेवलेल्या छत्र्यांसारखा.
तो विभाग तांडेल बाईंचा. विभागात त्या एकट्याच.
शिवडीच्याच. वडिलांची होडी होती.
भांगाची भरती पुस्तकात एका ओळीत संपते,
बाई त्या ओळीवर दोन तास घ्यायच्या,
वर्ग गच्चीवर नेऊन
खाडीचा चिखल दाखवायच्या,
'हा बघा, काल पाणी त्या काळ्या दगडापर्यंत होतं, आज नाही. का?'
आणि मुलं रोहित पक्षी मोजत बसायची.
खाली येताना निम्म्यांच्या चपला बदललेल्या असायच्या.

मग फाइल आली.
पट एकशे एकाहत्तर. एक पद अतिरिक्त.

हा शब्द मी नववीला शिकवते.
फळ्यावर फोड करते: अति, रिक्त.
दरवर्षी कुणीतरी विचारतंच,
बाई, जास्त रिकामं म्हणजे शिल्लक कसं?
मी म्हणते, पुढच्या तासाला सांगते.
एकवीस वर्षं झाली,
तो पुढचा तास काही वेळापत्रकात बसत नाही.

तांडेल बाईंचं समायोजन झालं, मानखुर्दला.
जाताना त्यांनी खुर्चीवरची उशी घेतली,
डबा घेतला,
आणि नकाशे मोजून माझ्या ताब्यात दिले,
एकोणीस, त्यातले दोन फाटके,
सही केली, तारीख घातली.
'महाराष्ट्र जपून उघडा,' एवढंच म्हणाल्या.

भूगोलाचे अठरा तास उरले.
सहा मस्कर सरांना; ते म्हणाले, अक्षांश तेवढे येतात.
चार शेलटकर सरांना.
पाच घाग सरांना, पीटीचे आहेत,
उंच आहेत, नकाशा टांगता येतो.
तीन माझ्या नावावर, हळूच,
मोमीन बाईंनी पाहिलं, काही बोलल्या नाहीत,
चहात साखर मात्र त्यांनीच घातली, दोनदा.
बाईंचं नाव खोडलं,
पण कॅलेंडरचा कागद गुळगुळीत,
उजेडात तिरका धरला की अजून वाचता येतं.

मंगळवार, चौथा तास, सातवी ब.
खिळा निघून आलेला,
म्हणून नकाशा मीच हातांनी धरून उभी,
मी मागे, महाराष्ट्र पुढे.
तेव्हा मला मुलं दिसत नव्हती,
फक्त कापडाची मागची बाजू, डिंकाचे डाग.
विचारलं, मुंबई कुठंय?
कुणी हसलं.
मग तनिष्का धोत्रेचा आवाज, अगदी जवळून:
'बाई, मुंबई नाहीये.
तांडेल बाई म्हणायच्या,
सगळ्यांनी आपापलं घर दाखवून दाखवून
ती झिजून गेली. तिथे भोक आहे.'

बरं मग, दाखव, म्हटलं.

माझ्या हनुवटीच्या जरा वर
कापडातून एक बोट बाहेर आलं,
पेरावर निळी शाई,
नख कुरतडलेलं,
आणि इकडे कोण आहे ते बघावं तसं
थोडंसं हललं.